मसाई मारा सफारी: गाईड एक नंबर, ऑफिसचा मात्र सावळा गोंधळ

ऑगस्टमध्ये केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जाऊन आलो, नैरोबीच्या एका छोट्या टूर ऑपरेटरकडून 4 रात्रींचं पॅकेज घेतलेलं, नाव नाही लिहीत. आधी चांगलं सांगतो, ड्रायव्हर-गाईड म्हणजे भारी माणूस! मारा नदीच्या काठावर विल्डबीस्टचा (गाईसारखं दिसणारं मोठं हरीण) कळप येऊन नुसता उभा, बाकीच्या गाड्या कंटाळून निघून गेल्या पण हा म्हणाला थांबूया, आणि दोन तासांनी जे धडाधड पाण्यात उड्या पडायला लागल्या... फोटो काढायचं पण भान राहिलं नाही. गाडी उघडणाऱ्या छताची लँड क्रूझर, प्रत्येकाला खिडकी (हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या बरं का).

आता वैताग. कोटेशनमध्ये पार्क फी धरलीच नव्हती, आणि जुलै ते डिसेंबर ती बाहेरच्या देशातल्या मोठ्या माणसाला दिवसाला 200 डॉलर आहे, जानेवारी ते जून 100, म्हणजे आमचा हिशोबच कोलमडला ना. वर नैरोबीहून माराला नेणाऱ्या छोट्या विमानात सामान 15 किलोच आणि तेही मऊ बॅगेत, हे आदल्या रात्री सांगतात! ट्रॉलीबॅग नैरोबीतच हॉटेलात ठेवून गेलो. गाईडला 5 स्टार, ऑफिसला 2, तेही जड मनाने.