नारळ मिळायची भीती हवीच: मॅनेजर गेममधले आमचे घरचे नियम, काही महिन्यांच्या वापरानंतर

फुटबॉल मॅनेजर २०२४ या संगणकावरच्या गेममध्ये आपण क्लबाचे प्रशिक्षक असतो, आणि त्यात नोकऱ्यांच्या पानावर प्रत्येक प्रशिक्षकाच्या नावापुढे त्याची खुर्ची किती पक्की आहे ते दिसतं. दोन-तीन हंगाम चांगले गेले की आपल्या नावापुढे 'अनटचेबल', म्हणजे कोणी हात लावू न शकणारा, असं येतं आणि मग ते हलायचं नाव घेत नाही. माझ्यासाठी खेळ तिथेच निम्मा संपायचा. लागोपाठ चार सामने हरले तरी पोटात गोळा येईना. २०२५ची आवृत्ती रद्द झाल्यावर आम्ही २०२४वरच राहिलो. नवा गेम नाही तर निदान नवी भीती तरी आणू, म्हणून मी आणि माझा मामेभाऊ घरचे नियम लिहायला बसलो. कित्येक महिने त्याच नियमांनी खेळल्यावर आता त्यांच्याबद्दल खात्रीने बोलता येतं.

नियमांचा गाभा असा की संचालक मंडळ गेममध्ये नाही, माणसात असतं. माझा अध्यक्ष मामेभाऊ, त्याचा मी. तो राहतो त्रिमूर्तीनगरला, मी प्रतापनगरला, त्यामुळे सुनावणी समोरासमोर होते. हंगामाआधी अध्यक्ष वहीत लक्ष्य लिहितो. ते मनाला येईल तसं लिहायचं नाही. लीगमध्ये आपला पगाराचा खर्च कितव्या क्रमांकाचा आहे ते बघायचं आणि तोच क्रमांक अपेक्षित धरायचा, कारण पैसा आणि तक्त्यातली जागा साधारण सोबतच चालतात. त्याच्या दोन जागा खाली संपलो तर पिवळं, म्हणजे ताकीद, चार जागा खाली गेलो तर सरळ नारळ.

सुनावणी हंगामात दोनदाच, मध्यावर आणि शेवटी. मध्ये कितीही पडझड झाली तरी अध्यक्षाने तोंड उघडायचं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण दर सामन्यानंतर खुर्ची हलायला लागली की माणूस फक्त पुढचा सामना बघतो. पहिल्या हंगामाला पूर्ण माफी. प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आले आणि पहिला करंडक १९९० मध्ये मिळाला, एवढा धीर आमच्या वहीत बसत नाही, पण एक हंगाम तरी द्यायलाच हवा.

उलट जुन्या पुण्याईवर आम्ही मर्यादा घातली. करंडकाचं संरक्षण एकच हंगाम. लेस्टरने २०१६च्या मे महिन्यात प्रशिक्षक रानिएरींच्या हाताखाली प्रीमियर लीग जिंकली आणि २०१७च्या फेब्रुवारीत त्यांना काढलं. ते मला अजूनही पटत नाही, पण खरी नोकरी अशीच असते आणि गेममध्ये मला तीच हवी होती.

आता फाशाबद्दल. पिवळं मिळालं की लुडोचा फासा टाकायचा. पहिल्या पिवळ्याला एक पडला तर गेलो, लागोपाठ दुसऱ्याला एक किंवा दोन पडले तरी गेलो. मित्रमंडळीत यावर सगळ्यात जास्त वाद झाला. अनेकांना वाटतं की नशिबाने नोकरी जाणं अन्याय आहे. आम्हा नागपूरकरांना उदाहरण लांब शोधायला नको. क्रिकेट प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांनी मुंबईला २०१५-१६ची रणजी जिंकून दिली, पुढच्या वर्षी संघ अंतिम सामन्यात गुजरातकडून हरला आणि मुंबईने त्यांच्या जागी दुसरा प्रशिक्षक आणला. पंडित विदर्भाकडे आले आणि २०१७-१८ मध्ये आपण पहिल्यांदा रणजी जिंकली, पुढच्या वर्षी जामठ्याला सौराष्ट्राला हरवून पुन्हा जिंकली. अंतिम फेरी गाठलेल्या माणसालाही दार दाखवलं जातं, हे कोणत्याही सूत्रात बसत नाही. फासा तेवढी जागा ठेवतो.

एक सुनावणी सांगतो. आय-लीग या खालच्या भारतीय लीगमधून वर येऊन आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, माझा दुसरा हंगाम होता. पगारात आम्ही सातवे, संपलो नववे, म्हणजे पिवळं. शेवटच्या टप्प्यात माझे दोन्ही विदेशी सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, जखमी होते. मैदानावर एका वेळी चारच विदेशी चालतात, त्यामुळे सगळा संघ त्या दोघांभोवती बांधलेला. कूलरच्या घरघरीत मी हे सगळं समजावून सांगायला लागलो, तर मामेभाऊ वही पुढे सरकवून म्हणाला, "दादा, आता काहून बोलून रायला? वहीत तूच तं लिवलं." फासा टाकला, एक पडला. मी त्याच रात्री गेममध्ये राजीनामा दिला, सेव्ह केलं आणि लॅपटॉप बंद केला. नवा क्लब शोधताना जी धाकधूक झाली, ती गेल्या कित्येक वर्षांच्या खेळात झाली नव्हती.

नोकरी गेल्यावरचे नियम सोपे आहेत. जुना सेव्ह, म्हणजे आधी साठवलेला खेळ, उघडायचा नाही, गेममधली माहिती बदलणाऱ्या एडिटरला हात लावायचा नाही, जुन्या क्लबात तीन हंगाम परतायचं नाही, आणि पुढचा क्लब आधीच्यापेक्षा खालच्या दर्जाचा घ्यायचा.

सगळ्यात जास्त दुरुस्ती लागली ती तरुण खेळाडूंच्या बाबतीत. नियम लावल्यावर दोघांच्याही संघाचं वय वाढत गेलं. तिशी ओलांडलेला तयार स्ट्रायकर घ्यायचा, अकादमीतला सतरा वर्षांचा पोरगा बाकावर बसवायचा, कारण तो पोरगा फुलेल तेव्हा आपण असूच याची खात्री नाही. खरे प्रशिक्षक असं का वागतात ते यातून मला जितकं कळलं तितकं लेख वाचून कळलं नव्हतं. पण खेळ रूक्ष झाला. मग आम्ही पोटनियम घातला: लीगच्या एकूण मिनिटांपैकी दहावा हिस्सा एकवीस वर्षांखालच्या, क्लबात घडलेल्या खेळाडूंना दिला, तर पिवळ्यावर फाशात एक आकडा माफ. माझ्या मते आमच्या वहीतला हा सगळ्यात चांगला नियम आहे. आता सव्वीसाव्या सामन्यात दोन गोलने पुढे असताना पोराला उतरवायचं की नाही, हा खराखुरा प्रश्न होतो. त्याच्याच जोडीला दुसरा पोटनियम: लक्ष्य हातचं जातंय असं दिसल्यावर पुढच्या वर्षांच्या हप्त्यांवर खेळाडू घ्यायचे नाहीत. आपण जाणार आणि उधारी मागे ठेवणार, हे अध्यक्षाला खपायला नको.

आमच्या गेममधल्या आयएसएलमध्ये खालच्या लीगमध्ये घसरण नसल्यामुळे तिथे हे नियम विशेष उपयोगी पडतात. तळाला संपूनही लीग तीच राहते, तेव्हा धाक कुठून तरी आणावाच लागतो. आउट ऑफ द पार्क बेसबॉल या दुसऱ्या मॅनेजर गेममध्ये मालकांचे स्वभाव आणि लक्ष्यं आधीच असतात, म्हणून तिथे आम्ही फक्त फासा आणि 'जुना सेव्ह नाही' एवढंच वापरलं. रणजीसारख्या छोट्या हंगामात, जिथे साखळीत सातच सामने, मध्यावरची सुनावणी निरर्थक होते. एकच शेवटी ठेवावी. एकट्याने खेळणाऱ्याला मात्र ही पद्धत मी मनापासून सुचवणार नाही. स्वतःचं लक्ष्य स्वतः लिहिलं की ते सैल होतंच, समोर वही धरणारं कोणीतरी हवं.

सध्या आमच्यात एकाच मुद्द्यावर एकमत नाही. नारळ मिळायच्या आधी स्वतःहून राजीनामा देऊन मोठ्या क्लबात गेलं, तर तीन हंगामांची परतबंदी लागू करायची का? मामेभाऊ म्हणतो नाही, चांगली नोकरी सोडून जाणं हा माणसाचा हक्क आहे. मी म्हणतो, करार संपायच्या आत गेलात तर बंदी, करार पूर्ण केलात तर नाही. पुढच्या हंगामाच्या पहिल्या पानावर माझाच मसुदा चढेल असं वाटतंय, कारण तेव्हा लक्ष्य लिहायची पाळी त्याची आहे आणि त्याला माझी सही लागणार आहे.