फ्लूवर देशभर नजर ठेवायची, तर आधी काय उभारावं?

फ्लूची साथ देशात कुठे चढतेय, कुठे ओसरतेय, हे दर आठवड्याला कळायला हवं आणि निधी मात्र बेताचा आहे, अशा वेळी पहिला विचार मनात येतो तो म्हणजे सगळ्या रुग्णालयांकडून सगळे पॉझिटिव्ह रुग्ण कळवून घ्यावेत. कृपा करून इथून सुरुवात करू नका. फ्लू झालेले बहुतेक जण घरीच बरे होतात आणि दवाखान्यात गेलेल्यांतही चाचणी थोड्यांचीच होते. म्हणजे चाचण्या वाढल्या की आकडा वाढतो. साथ आहे तिथेच असली तरी.

त्यापेक्षा मोजके दवाखाने निवडून त्यांच्या ओपीडीवर लक्ष ठेवणं कितीतरी भरवशाचं. फ्रान्समध्ये अशा डॉक्टरांचं जाळं १९८४ पासून चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेची फ्लूसदृश आजाराची व्याख्या साधी आहे: ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त मोजलेला ताप, खोकला आणि सुरुवात गेल्या दहा दिवसांतली. आठवड्याच्या एकूण रुग्णांत असे किती, एवढंच कळवायचं. एकूण रुग्णांचा आकडा सोबत असतो, म्हणूनच या पद्धतीवर विसंबता येतं. अमेरिकेत मात्र ३७.८ अंश ताप आणि खोकला किंवा घसादुखी असं धरतात, त्यामुळे दोन देशांचे आलेख शेजारी ठेवून तुलना करू नये. आणखी एक उणीव मनाला लागते: फ्लू झालेल्या म्हाताऱ्या माणसांना कित्येकदा ताप येतच नाही आणि ती या मोजणीतून निसटतात.

लक्षणांवरून विषाणू मात्र ओळखता येत नाही. कोरोना, आरएसव्ही, साध्या सर्दीचे विषाणू, सगळ्यांची लक्षणं तशीच. इथे प्रयोगशाळा लागते. त्याच दवाखान्यांतल्या काही रुग्णांचे स्वॅब आरटी-पीसीआरने तपासले की किती टक्के पॉझिटिव्ह आणि कोणता उपप्रकार, हे दोन्ही कळतं. स्वॅब कोणाचा घ्यायचा हे आधी ठरवून ठेवा, उदाहरणार्थ ठरलेल्या वारी आलेले पहिले काही पात्र रुग्ण. डॉक्टर ज्यांची प्रकृती जास्त बिघडलेली त्यांचेच स्वॅब पाठवू लागले, की टक्केवारीला अर्थ उरत नाही. १९५२ पासून चालत आलेल्या जागतिक जाळ्यात असेच नमुने जातात आणि त्यांवरून दरवर्षी फेब्रुवारी व सप्टेंबरमध्ये लशीतले विषाणू सुचवले जातात. फ्लू-बीचा यामागाता प्रकार मार्च २०२० नंतर खात्रीने सापडलेला नाही, हेही प्रयोगशाळांमुळेच कळलं.

ओपीडी आणि प्रयोगशाळेची जोडी किती बोलकी असते ते पाहा. एका आठवड्यात फ्लूसदृश रुग्ण ४ टक्के आणि त्यांतले २५ टक्के पॉझिटिव्ह, तर गुणाकार १ टक्का. दुसऱ्या आठवड्यात फ्लूसदृश ६ टक्के, पण पॉझिटिव्ह ५ टक्केच, गुणाकार ०.३ टक्के. तापाचे रुग्ण वाढले, फ्लू उतरला. नुसत्या ओपीडीच्या आलेखावरून आपण नेमका उलटा निष्कर्ष काढला असता.

साथ किती जीवघेणी आहे, हे मात्र ओपीडीत कळत नाही. त्यासाठी ‘सारी’च्या, म्हणजे श्वसनमार्गाच्या गंभीर संसर्गामुळे रुग्णालयात भरती झालेल्या, रुग्णांची नोंद हवी. ती जरा उशिरा येते, कारण माणूस आजारी पडल्यावर काही दिवसांनी भरती होतो. पण खाटा, ऑक्सिजन, कोणत्या वयाला जास्त धोका, हे निर्णय तिच्याच आधारावर घ्यावेत.

गूगलचा प्रयोग मोहात पाडतो. लोक काय शोधतात त्यावरून फ्लूचा अंदाज बांधणारी ही सेवा २००८ मध्ये सुरू झाली. २००९ च्या स्वाइन फ्लूची पहिली लाट तिने कमी दाखवली, २०१२-१३ च्या हंगामात अंदाज फारच फुगवला आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. ऑस्ट्रेलियात २००६ पासून नागरिक स्वतःच दर आठवड्याला आपली लक्षणं कळवतात. दवाखान्यात न जाणारेही त्यात येतात हे मोलाचं, फक्त भाग घेणारे सगळ्या समाजाचे प्रतिनिधी नसतात. सांडपाण्याची तपासणी चाचण्यांवर अवलंबून नाही, पण रुग्ण किती ते सांगत नाही आणि जिथे गटारंच नाहीत तिथे तिचा उपयोग नाही. ही तिन्ही नंतरची कामं.

माझं मत असं: निधी कमी असेल तर केंद्रं थोडी घ्या, पण प्रत्येकाला प्रयोगशाळा जोडा आणि काम बाराही महिने चालवा, उष्ण प्रदेशांत फ्लू हिवाळ्याची वाट पाहत नाही. पुढचा पैसा ‘सारी’साठी. केंद्रं दरवर्षी बदलू नका, कारण नेहमीची पातळी कोणती आणि साथ कुठून मोजायची, हे त्याच केंद्रांच्या काही वर्षांच्या नोंदींवरूनच ठरतं. सुट्ट्यांच्या आठवड्यात नेहमीच्या तपासणीला येणारे घटतात आणि फ्लूची टक्केवारी उगाच चढलेली दिसते, तेव्हा घाईने इशारा देऊ नका. आणि स्वॅब पाठवणाऱ्या डॉक्टरला निकाल त्याच आठवड्यात परत कळवा. तो कळला नाही तर पुढच्या हंगामात त्याच्याकडून स्वॅब येणं थांबतं.