संख्याशास्त्र मेजर, गणित मायनर की उलट?

बी.एस्सी.ला पहिल्या वर्षी गणित आणि संख्याशास्त्र दोन्ही घेतलं असेल, तर तिसऱ्या सेमिस्टरचा फॉर्म भरताना अडायला होतं. दोन्ही आवडतात, दोन्हीत गुण बरे आहेत, मग मेजर, म्हणजे मुख्य विषय, कोणतं? मी संख्याशास्त्र मेजर आणि गणित मायनर, म्हणजे जोडविषय, घेतलं. तुमच्याकडे उलट निवडायला सबळ कारण असू शकतं, त्याबद्दलही पुढे लिहिलं आहे.

यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आहेत आणि त्यातले निम्मे, म्हणजे ६०, मेजरचे. आपल्या महाराष्ट्रात मायनरला १८ ते २० क्रेडिट येतात. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात. म्हणजे मायनर साधारण मेजरच्या एक तृतीयांश. पण निवड करताना हा आकडा फारसा कामाचा नाही. मायनर अभ्यासक्रमात कुठपर्यंत पोचून थांबतो, ते बघायचं.

गणिताचा मायनर बहुधा कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शिअल इक्वेशन्सच्या आसपास थांबतो. संख्याशास्त्राच्या पदवीला नेमकं हेच लागतं: जॉइंट डिस्ट्रिब्युशनसाठी डबल इंटिग्रल, ट्रान्स्फॉर्मेशनसाठी जेकोबियन, रिग्रेशनसाठी मॅट्रिक्स. कमी पडतं ते पुढे, एम.एस्सी.ला मेझर थिअरी (measure theory, प्रोबॅबिलिटीचा गणिती पाया) समोर आली की. रिअल ॲनालिसिस नीट झालेलं नसलं, तर कन्व्हर्जन्सचे प्रकार वेगळे का मानायचे हेच कळत नाही. ही उणीव खरी आहे. पण ती पुस्तक आणि वही घेऊन सुट्टीत भरून काढता येते.

संख्याशास्त्राचा मायनर मात्र अवघड ठिकाणी तुटतो. वर्णनात्मक संख्याशास्त्र, प्रोबॅबिलिटी, प्रमाणित डिस्ट्रिब्युशन्स, थोड्या टेस्ट्स, आणि संपलं. इन्फरन्स, सॅम्पलिंग, डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स, टाइम सिरीज हे सगळं मेजरवाल्यांच्या पाचव्या-सहाव्या सेमिस्टरला असतं. विषयाचा उपयोग जिथे दिसू लागतो, तिथे मायनरवाला बाहेर पडलेला असतो.

तरीही माझा कौल ठरला तो प्रॅक्टिकलच्या बॅचवरून. मायनरच्या वर्गात निरनिराळ्या मेजरची मुलं एकत्र येतात, त्यामुळे वेळापत्रकात त्यांना उरलेली जागा मिळते: सकाळी पहिला तास, नाहीतर दुपारी शेवटचा. लेक्चर बुडालं तर कुणाची तरी वही मिळते. प्रॅक्टिकलची बॅच मात्र मेजरच्या बॅचवर आदळली की दोन्हीपैकी एक जातंच. आणि संख्याशास्त्राची प्रॅक्टिकल्स एकमेकांवर उभी असतात. पॉयसन फिटिंगचा (डेटाला पॉयसन डिस्ट्रिब्युशन बसवण्याचा) दिवस बुडाला, की पुढचं काय-स्क्वेअर गुडनेस ऑफ फिट, म्हणजे ते कितपत बसलं याची चाचणी, अडतं. तिथे अपेक्षित वारंवारता ५ पेक्षा कमी असलेले वर्ग शेजारच्या वर्गात मिळवायचे असतात आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम, वर्ग असे एकत्र केल्यावर उरलेल्या वर्गसंख्येतून एक वजा करून काढायचे असतात. सरासरी त्याच डेटावरून काढली असेल तर आणखी एक कमी होतो, म्हणजे k वर्ग उरले तर k−२. फिटिंग स्वतः न केलेला मुलगा हमखास k−१ लिहितो. वर जर्नल (प्रॅक्टिकलची वही) अपुरं राहिलं, सही मिळाली नाही, तर प्रॅक्टिकल परीक्षेचंच अडतं. गणिताच्या प्रॅक्टिकलला हा ताप कमी, कारण तो बहुतांशी उदाहरणं सोडवण्याचा तास असतो. बुडालेली उदाहरणं घरी सोडवता येतात.

म्हणून जो विषय एकट्याने सावरता येतो तो मायनरला टाकावा, असं मला वाटतं. कॉलेजनुसार फरक पडेल. वेळापत्रक नीट आखणारा विभाग असेल तर ही तक्रार उरणारही नाही.

कागदोपत्री पात्रतेचं चित्र थोडं वेगळं आहे. यूपीएससीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिससाठी पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असला तरी चालतं, म्हणजे मायनरवाल्यालाही दार बंद नाही, निदान नियमाची भाषा तशी आहे. पण परीक्षेत संख्याशास्त्राचे प्रत्येकी २०० गुणांचे चार पेपर असतात आणि लिनिअर मॉडेल्स, सॅम्पलिंग, इकॉनोमेट्रिक्स हे मायनरच्या कक्षेबाहेरचं. ॲक्च्युअरी (विम्यातली जोखीम मोजणारा तज्ज्ञ) होण्याच्या सुरुवातीच्या पेपरांतही संख्याशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटीच्या जॅम या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेतला मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर मात्र दोन्ही विषय मागतो, आणि त्यातलं गणित मायनरच्या अभ्यासातून बरंचसं झालेलं असतं.

उलट निवड करावी असे दोन प्रसंग दिसतात. बी.एड. करून शाळेत शिकवायचं असेल तर गणित मेजर घ्या. शाळेत संख्याशास्त्र हा वेगळा विषय नसतो, भरती गणिताच्या शिक्षकाची निघते. दुसरा, ग्रुप थिअरी किंवा टोपॉलॉजीत खरोखर जीव रमत असेल तर. सिद्धता लिहिण्याचा हात मायनरच्या तासांत बसत नाही. चौथ्या वर्षी ऑनर्स विथ रिसर्च करायचं असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण प्रबंध मेजरमध्येच लिहायचा असतो. त्या वाटेला पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. ज्या विषयात तेवढे टिकणार नाहीत तो मेजर घेऊन ही वाट आपणच बंद करू नये.

फॉर्म देण्याआधी विभागात तीन गोष्टी विचारा. मायनरचा पाचव्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम दाखवा म्हणा, माहितीपत्रक नको. मायनरच्या क्रेडिटपैकी प्रॅक्टिकलचे किती, आणि ती बॅच कोणत्या वारी, किती वाजता. शेवटचं, मायनरला किमान किती मुलं लागतात. संख्या भरली नाही तर तो मायनर त्या वर्षी सुरूच होत नाही, आणि मग उरलेल्या यादीतून जे असेल ते घ्यावं लागतं.