झिंक, निकेल की बाहेरचं जॉबवर्क? गाडीच्या सुट्या भागांना घरी प्लेटिंग करण्याआधी

जुनी चेतक किंवा बुलेट पूर्ण खोलली की पहिल्याच दिवशी एक डबा भरतो. नटबोल्ट, वॉशर, क्लिपा, केबलचे स्टॉपर, छोटे ब्रॅकेट. पत्रा पेंटरकडे जातो, इंजिन मेकॅनिककडे जातं आणि हा डबा कोपऱ्यात पडून राहतो. त्यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा गंजलेला असतो पण मापाने शाबूत असतो, आणि डोक्यावर कंपनीची खूण असलेला तोच बोल्ट पुन्हा बाजारात मिळत नाही. मग घरीच प्लेटिंग, म्हणजे द्रावणात विजेने दुसऱ्या धातूचा पातळ थर चढवणं, करून बघावं असं मनात येतं. माझं मत आधीच सांगतो. चकाकी बघून निवड करू नका, त्या तुकड्याला काय सोसायचं आहे ते बघून करा. या हिशेबाने झिंक बहुतेकांना घरी जमेल, निकेल मोजक्या वस्तूंपुरतं ठेवावं आणि क्रोम कोणीही घरी करू नये.

गंजापुढे दोघांची वागणूक

झिंक लोखंडासाठी स्वतः झिजतं. थरावर ओरखडा पडून खालचं लोखंड उघडं पडलं तरी आजूबाजूचं झिंक आधी गंजतं आणि लोखंड वाचतं. म्हणून ८ ते १२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ थरही कामाचा ठरतो. पाना लावताना बोल्टचं डोकं खरवडलं जाणारच, आणि तिथे झिंकचा हा गुण उपयोगी पडतो.

निकेलचं उलटं आहे. ते स्वतः सहसा गंजत नाही, पण थराला सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तर ओलाव्यात खालचं लोखंडच आधी आणि जास्त वेगाने गंजतं. बाहेरून सगळं लखलखीत दिसतं आणि मध्येच तांबूस ठिपका उमटतो. म्हणजे पावसात फिरणाऱ्या गाडीवर निकेल हवं असेल तर थर जाड, २० मायक्रॉनच्या आसपास आणि बिनछिद्राचा लागतो. घरच्या बादलीत तेवढी सफाई येणं कठीण. पितळेच्या वस्तूंवर मात्र निकेल छान बसतं, कारण खाली लोखंड नसतं. मीटरची रिंग, हँडलवरचं बटण, जुन्या कंदिलाचे भाग अशा ठिकाणी घरचं निकेल शोभतं. ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांच्या अंगाला लागणाऱ्या वस्तूंना ते लावू नये.

एक गोष्ट क्रोमच्या हौशींसाठी. बंपरवर किंवा हँडलबारवर दिसणारा क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. खरी जाडी आणि आरशासारखा सपाटपणा खालच्या निकेलचा आणि त्याहून खालच्या बफिंगचा, म्हणजे घासून चकाकी आणण्याचा, असतो. क्रोम त्याला निळसर झाक आणि कठीणपणा देतं. घरचं चांगलं निकेल किंचित पिवळसर, उबदार दिसतं. जुन्या सायकलींवर आणि १९३० च्या आधीच्या गाड्यांवर तीच झाक असायची, त्यामुळे तिथे ती खरं तर जास्त योग्य.

दोन्हींचा संसार

झिंकचं द्रावण स्वस्तात होतं. झिंक सल्फेट कृषी सेवा केंद्रात खत म्हणून मिळतं. त्यात लोह आणि इतर धातूंची भेसळ असते, म्हणून शक्य असेल तर प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या. डिस्टिल्ड पाण्यात लिटरमागे २०० ते २५० ग्रॅम हेप्टाहायड्रेट झिंक सल्फेट आणि २५ ते ३० ग्रॅम बोरिक ऍसिड एवढ्यावर काम सुरू होतं. बोरिक म्हणजे कॅरम बोर्डावर टाकतात तीच पावडर, फक्त सुगंधाशिवायची घ्यावी. खताचंच सल्फेट वापरायचं असेल तर द्रावण दोनदा गाळा. मग एक टाकाऊ, घड्या घातलेला पत्रा लावून अगदी कमी करंटवर काही तास चालवा. काही भेसळ त्या पत्र्यावर जाऊन बसते. अॅनोडसाठी, म्हणजे विजेच्या धन टोकाला जोडायच्या तुकड्यासाठी, झिंकचा पत्रा घ्या. साध्या कार्बन-झिंक सेलचं कवचही झिंकचंच असतं, पण ते पातळ असतं आणि लवकर विरघळून संपतं. हे सगळं खोलीच्या तापमानावर चालतं.

निकेलसाठी १९१६ मध्ये ऑलिव्हर वॅट्स यांनी दिलेलं मिश्रणच आजही मुळाशी आहे. लिटरमागे २४० ते ३०० ग्रॅम निकेल सल्फेट, ४० ते ६० ग्रॅम निकेल क्लोराइड, ३० ते ४० ग्रॅम बोरिक ऍसिड, पीएच साधारण ४ आणि तापमान ४५ ते ६० अंश. हा शेवटचा आकडाच घरी अडतो. फिशटँकचा हीटर साधारण ३४ अंशांपुढे जात नाही, त्यामुळे द्रावणाचं भांडं गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवावं लागतं आणि थर्मामीटरवर नजर ठेवून बसावं लागतं. व्हिनेगर आणि मीठ घालून निकेलचे तुकडे विरघळवण्याची पद्धत बरेच जण सांगतात. तिने पातळ, दिखाऊ थर येतो. घरात ठेवायच्या वस्तूला तो चालेल, रस्त्यावरच्या गाडीला नाही.

शिवाय निकेलचे क्षार झिंकपेक्षा कितीतरी जास्त घातक आहेत. ते त्वचेवर ॲलर्जी जडवतात आणि त्यांचे तुषार किंवा धूळ श्वासात गेली तर कर्करोगाचा धोका असतो. हातमोजे, चष्मा आणि उघडी हवा यांशिवाय हे काम करायचंच नाही.

करंट किती, वेळ किती

इथे अंदाजाने काम करू नका, कारण गणित सोपं आहे. एक अँपियर एक तास वाहिला की झिंक १.२२ ग्रॅम बसतं आणि निकेल १.०९ ग्रॅम. प्रत्यक्षात थोडं कमीच बसतं, पण हिशेबाला पुरतं. १०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाला १ अँपियर दिला तर तासाला झिंकचा थर साधारण १७ मायक्रॉन येतो आणि निकेलचा १२ मायक्रॉन. ४० मिलिमीटर लांबीच्या एम-८ (८ मिलिमीटर व्यासाच्या) बोल्टचा पृष्ठभाग आटे धरून सुमारे २० चौरस सेंटिमीटर भरतो. त्याला ०.३ अँपियर दिला की वीस मिनिटांत ८ मायक्रॉन झिंक चढतं. पाच बोल्ट एकत्र लावले तर दीड अँपियर.

यासाठी करंट स्थिर ठेवता येईल असा बेंच पॉवर सप्लाय घ्या. मोबाइलच्या चार्जरवर किंवा गाडीच्या बॅटरीवर करंट हातात राहत नाही, आणि घरच्या प्लेटिंगची निम्मी निराशा त्यातूनच येते. करंट जास्त झाला तर कडा काळ्या पडतात, जळल्यासारखा भुसभुशीत थर येतो आणि तो बोटाने निघतो. कमी झाला तर खाचांमध्ये काहीच बसत नाही. तुकड्याच्या दोन्ही बाजूंना अॅनोड ठेवा, त्यांचा एकूण पृष्ठभाग तुकड्याएवढा किंवा त्याहून जास्त असू द्या आणि द्रावण हलतं ठेवा. फिशटँकचा हवेचा पंप इथे उपयोगी पडतो.

जाड थर म्हणजे चांगला थर असं समजून तास-तास बोल्ट बुडवून ठेवू नका. आट्यांच्या उताराला दोन्हीकडून थर बसतो, त्यामुळे १० मायक्रॉनचा थर आट्याचा परिणामी व्यास ४० मायक्रॉनने वाढवतो. मग नट हाताने फिरत नाही आणि जोर लावला की नवं प्लेटिंग सोलून येतं.

साफसफाई: दोन्हीकडे सारखीच आणि सगळ्यात मोठी

झिंक असो, निकेल असो, नाहीतर कारखान्यातलं क्रोम असो, थर टिकतो तो खालच्या स्वच्छतेवर. आधी ग्रीस काढायचं: रॉकेल किंवा डिझेल, मग भांड्याच्या साबणाचं कडकडीत पाणी. त्यानंतर गंज. घाई नसेल तर कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून रात्रभर ठेवा. गंज सुटतो आणि चांगल्या लोखंडाला फार धक्का लागत नाही. हायड्रोक्लोरिक ऍसिड काही मिनिटांत काम करतं आणि जुनं झिंकही उतरवतं, पण त्याच्या वाफांनी खोलीतली बाकीची हत्यारंही गंजतात. ते गच्चीवर किंवा अंगणातच वापरा, ऍसिड पाण्यात ओता, पाणी ऍसिडमध्ये नाही. गंजाने खड्डे पडले असतील तर ते प्लेटिंगने भरत नाहीत, उलट जास्त उठून दिसतात. म्हणून वॉटर पेपर आणि बफिंगला वेळ द्या.

शेवटची परीक्षा पाण्याची. स्वच्छ पाण्यात बुडवून तुकडा वर काढा. सगळीकडे पाण्याची सलग पातळ चादर राहिली तर तो तयार आहे. कुठे पाणी फाटून थेंब झाले तर तिथे तेल आहे आणि तिथला थर पुढे फुगणार किंवा सोलणार. ही परीक्षा पार झालेल्या तुकड्याला उघडा हात लावायचा नाही आणि तो वाळू द्यायचा नाही. लगेच द्रावणात.

साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश मोटरसायकलीचे भाग असतील तर त्यांवर कॅडमियम असू शकतं. ते विषारी आहे. अशा भागांना घरी घासू नका, तापवू नका, ऍसिडमध्येही टाकू नका.

झिंकला आणखी एक पायरी लागते, पॅसिव्हेशन, म्हणजे रसायनात बुडवून थरावर पातळ संरक्षक कवच आणणं. ती वगळली तर पहिल्याच पावसाळ्यात पांढरी भुकटी धरते. प्लेटिंगची रसायनं विकणाऱ्यांकडे ट्रायव्हॅलंट (कमी घातक क्रोमियमचं) निळं पॅसिव्हेशन मिळतं, तेच मागा. पारंपरिक पिवळं पॅसिव्हेशन हेक्झाव्हॅलंट, म्हणजे विषारी प्रकारच्या, क्रोमियमचं असतं आणि ते घरात नको. बुडवल्यानंतर दिवसभर तुकडा हाताळू नका, तोवर तो थर मऊ असतो.

तांब्याबद्दल थोडक्यात

मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला की तो लगेच लाल होतो, हे शाळेत बघितलेलं असतं. पण तो थर चिकटलेला नसतो, कापडाने पुसला जातो. त्यामुळे लोखंडावर थेट मोरचुदाने प्लेटिंग होत नाही, आधी निकेलचा अस्तर-थर लागतो. कारखान्यात यासाठी सायनाइडचं द्रावणही वापरतात, त्याचा घरी विचारही करू नये. स्वयंपाकाच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना झिंक किंवा निकेल चढवू नका. त्यांना कल्हईच हवी. चिंच, ताक अशा आंबट पदार्थांत झिंक उतरतं आणि ते पोटात जातं.

बाहेर द्यायचं ते कोणतं

पुण्याजवळच्या भोसरी किंवा नाशिकच्या अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींत प्लेटिंगचं जॉबवर्क करणारे आहेत. बॅरलमध्ये, म्हणजे फिरत्या पिंपात, झिंक बहुधा किलोवर करतात, त्यामुळे दोनशे नटबोल्ट असतील तर बाहेरचं काम घरच्यापेक्षा स्वस्त पडतं आणि थरही एकसारखा येतो. तोटा वेगळा आहे. तुमचा डबा इतरांच्या मालाबरोबर फिरतो, बारीक वॉशर हरवतात, पातळ क्लिपा ऍसिडमध्ये जास्त वेळ राहिल्या तर खाल्ल्या जातात आणि बफिंगवाला डोक्यावरची खूण पुसून टाकू शकतो. देण्याआधी सगळा माल पसरून फोटो काढा, छोटे भाग तारेत ओवून द्या आणि थर किती मायक्रॉनचा, पॅसिव्हेशन कोणतं, हे कागदावर लिहून घ्या.

तुकडे थोडे आणि दुर्मीळ असतील तर मी घरचं झिंक निवडेन. संख्या जास्त असेल तर बॅरल. क्रोम नेहमी बाहेर. कोकणात किनाऱ्यालगत गाडी राहणार असेल तर खाऱ्या वाऱ्यापुढे घरचं ८ मायक्रॉन झिंक लवकर हरतं. तिथे जाड थर आणि जाड पॅसिव्हेशन मागून बाहेरच द्या.

ब्रेक, सस्पेन्शन आणि चाकाच्या ॲक्सलचे बोल्ट, स्प्रिंगा, आणि डोक्यावर १०.९ किंवा १२.९ हा ताकदीचा ग्रेड लिहिलेलं काहीही घरी प्लेट करू नका. ऍसिडमध्ये आणि प्लेटिंग होताना हायड्रोजन पोलादात शिरतो आणि असा कठीण बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी, ताणाखाली, काही सूचना न देता तुटतो. कारखान्यात प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत आणि पॅसिव्हेशनच्या आधी असे भाग १९० ते २२० अंशांवर कित्येक तास भाजतात. जॉबवर्कवाल्याला हे करता का असं स्पष्ट विचारा. तो नाही म्हणाला तर तो बोल्ट नवा विकत घ्या. स्टेनलेसचा बोल्ट त्याच्या जागी सरसकट बसवू नका, नेहमीचा ए२-७० स्टेनलेस ८.८ ग्रेडपेक्षाही कमी ताकदीचा असतो.

उरलेलं पाणी

प्लेटिंगचे कारखाने प्रदूषण मंडळाच्या लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या, वर्गात मोडतात. घरचं द्रावण थोडं असलं तरी धातू तेच असतात, म्हणून ते मोरीत किंवा झाडांना ओतायचं नाही, खताच्या झिंकपासून केलेलं असलं तरीही. धुण्याच्या सोड्याचं पाणी हळूहळू घालत पीएच ९ ते १० वर न्या. फेस येतो, म्हणून भांडं मोठं घ्या. धातू गाळ होऊन खाली बसतो. तो गाळून, वाळवून, बंद डब्यात ठेवा आणि धोकादायक कचऱ्याची सोय असलेल्या प्लेटिंगवाल्याने घेतला तर त्याला द्या. निकेलची रसायनं विकत घेण्याआधीच हे विचारून ठेवा. गाळ घेणारं कोणी मिळत नसेल तर निकेल बाहेरून करून घ्या. झिंकचं द्रावण मात्र टाकायची वेळ क्वचितच येते. गाळून, घट्ट झाकण लावून, वर नाव लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवलं तर पुढच्या गाडीलाही तेच चालतं.