मेश जॅकेट: इंदूरच्या तिन्ही ऋतूंत अकरा महिने

मेश जॅकेट, म्हणजे मोटरसायकलवर घालायचं जाळीचं जॅकेट, गार ठेवत नाही. गाडी चालू असेपर्यंत घाम वाळवतं, एवढंच त्याचं काम, आणि ते काम ते चोख करतं. एवढं आधी कळलं तर मे महिन्यात ते कपाटात जाणार नाही.

कंपनीचं नाव देत नाही, कारण साडेसात हजारांच्या आसपासच्या बऱ्याच जॅकेटांची बांधणी अशीच असते. छाती, पाठ आणि बाह्यांच्या आतल्या बाजूला जाळी. खांद्यांवर आणि कोपरांवर 600 डेनिअरचं (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) जाड पॉलिएस्टर. आत सुटी होणारी दोन अस्तरं, एक पावसाचं आणि एक थंडीचं. अस्तरं काढल्यावर, आघात झेलणाऱ्या पॅडसकट, वजन दोन किलोच्या आतबाहेर. वापर अकरा महिने आणि सुमारे अकरा हजार किलोमीटर: रोज राऊ ते विजयनगर आणि परत, रविवारी महूवरून जाम गेट उतरून महेश्वर, कधी सिमरोलचा घाट उतरून बडवाह.

आधी पाठीचा पॅड, कारण सगळ्यात मोठी उणीव तिथे निघाली. खांदे आणि कोपरांना लेव्हल 2चे, म्हणजे दोनांतल्या वरच्या दर्जाचे पॅड आले होते, पाठीला मात्र सेंटीमीटरभर जाडीचा साधा फोम. दुकानात तो पॅड म्हणूनच दाखवला जातो. ओळखायची खूण सोपी आहे. खिशातून पॅड बाहेर काढा आणि त्यावर मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र, मानकाचा क्रमांक आणि लेव्हल कोरलेली आहे का ते बघा. ईएन म्हणजे युरोपीय मानक: हातापायांच्या पॅडसाठी ईएन 1621-1, पाठीसाठी ईएन 1621-2. खूण नसेल तर तो फोम चाचणीतून गेलाय असं धरू नका. चाचणीत पॅडवर 50 जूल ऊर्जेचा आघात करतात आणि पलीकडे किती जोर पोचला ते मोजतात. पाठीच्या पॅडमधून लेव्हल 1ला सरासरी 18 किलोन्यूटनपर्यंत जोर पोचलेला चालतो, लेव्हल 2ला 9. खांदा-कोपराला हेच आकडे 35 आणि 20 आहेत. म्हणजे पाठीच्या बाबतीत लेव्हल 2 घेणं हा सरळ दुपटीचा फरक आहे, आणि दीड ते अडीच हजारांत तो पॅड वेगळा मिळतो. घेण्याआधी जॅकेटच्या आतला खिसा टेपने मोजा, उंची आणि रुंदी दोन्ही. पॅड मोठा झाला तर दुमडून पाठीला टोचतो, फार लहान झाला तर घसरून कमरेशी येतो. दोन्ही बाजूंना बोटभरापेक्षा जास्त जागा उरली तर खिशात वेल्क्रोची पट्टी शिवून घ्या.

दुसरी गोष्ट मापाची. थंडीत खरेदी केली की अस्तर लावूनच जॅकेट घालून बघितलं जातं. एप्रिलमध्ये अस्तर निघतं आणि बाही ढिली पडते. ढिल्या बाहीतला कोपराचा पॅड पडताना फिरून हाताच्या आतल्या बाजूला जातो आणि कोपर उघडा राहतो. म्हणून माप अस्तराशिवाय, एका टी-शर्टवर बघायचं, आणि उभं राहून नाही तर गाडीवर बसून, हँडल धरून. मग कुणाला तरी बाही मुठीत धरून पिळायला सांगा. पॅड कोपरावरून सरकला तर दंडावरचे आणि मनगटाजवळचे पट्टे ओढून पुन्हा बघा. तरीही सरकला तर एक माप लहान घ्या. हात लांब केल्यावर बाही मनगटापासून वर चढते, तेव्हा ती ग्लोव्हच्या कडेपर्यंत पोचायला हवी.

जाळीबद्दल स्पष्टच सांगायला हवं. रस्त्यावर घासत गेल्यावर जाळी जाड कापडाइतकी टिकत नाही. या जॅकेटच्या लेबलवर ईएन 17092 हे मोटरसायकलच्या कपड्यांचं मानक आणि 'ए' हा वर्ग आहे. घर्षणाच्या चाचणीत 'ए' वर्गाला खांदा-कोपरासारख्या सगळ्यात धोक्याच्या भागात 45 किलोमीटर प्रतितास, 'एए'ला 70 आणि 'एएए'ला 120 असा यंत्राचा वेग ठरवलेला आहे. हा यंत्राचा वेग, 'या वेगाला पडलात तरी काही होणार नाही' असा त्याचा अर्थ नाही, पण तुलनेसाठी उत्तम. 'बी' वर्गाच्या कपड्यात आघाताचे पॅड नसतातच, ते अक्षर बघून फसू नका. रोजच्या शहरी वापराला 'ए' ठीक. महामार्गावर नव्वद-शंभरने नियमित जाणाऱ्याने दोन-तीन हजार जास्त घालून 'एए' जाळीचं बघावं. तसं जॅकेट अर्धा किलो जड आणि थोडं जास्त गरम होतं, पण तो सौदा योग्य आहे.

आता ऊन. हवा साधारण 35 अंशांच्या वर गेली की ती त्वचेपेक्षा गरम असते, आणि जाळीतून येणारा वारा अंग तापवतो. गारवा फक्त घाम वाळण्यातून मिळतो. म्हणून दुपारी निघताना सुती टी-शर्ट भिजवून, पिळून आत घालायचा. चाळीस अंशांत अर्धा-पाऊण तास फरक जाणवतो. इथे सुतीच हवा, कारण तो पाणी धरून ठेवतो. जाम गेटपाशी हे नीट कळतं. अहिल्याबाईंच्या काळातला तो दरवाजा माळव्याच्या पठाराच्या कडेवर आहे. तिथून खाली निमाडात उतरताना दर वळणाला हवा तापत जाते. टी-शर्ट दरवाजापाशी पुन्हा भिजवून घ्यावा, खाली मंडलेश्वरला पोचेपर्यंत थांबू नये. ऑगस्टच्या दमट हवेत या युक्तीचा उपयोग नाही, पाणी वाळतच नाही.

कोरड्या लूमध्ये, म्हणजे उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्यात, एक धोका लपलेला असतो: घाम लगेच उडून जातो, त्यामुळे आपल्याला घाम आलाच नाही असं वाटतं. एका लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट घालून बाटली सोबत ठेवा आणि तहान लागायची वाट न बघता तासाभरात निम्मी संपवा. डोकं ठणकायला लागलं, गिअर चुकायला लागले, चिडचिड व्हायला लागली तर सावली बघून थांबा. सिग्नलला मात्र या जॅकेटचा इलाज नाही. गाडी थांबली की भट्टी. गळ्यापाशी चार बोटं चेन उघडली तर चालते, पूर्ण उघडली तर पॅड जागेवर राहत नाहीत.

पावसाळ्यात आतलं अस्तर वापरून बघितलं आणि बाजूला ठेवलं. अस्तर पाणी अडवतं, पण ते आत असतं. बाहेरची जाळी आणि पॅडचे खिसे चिंब होतात, जॅकेट जड होतं आणि ओल्या कापडावरून वारा गेला की थंडी भरते. बाहेरच्या खिशात पाणी साचतं, मोबाइल तिथे नकोच. जॅकेटवरून घालायचा दोन तुकड्यांचा रेनसूट, नेहमीपेक्षा एक माप मोठा, हाच खरा उपाय. तो भडक पिवळा किंवा नारिंगी घ्या. सोयाबीन काढणीच्या दिवसांत टेललाइट नसलेल्या ट्रॉल्या आणि रस्त्यावर सांडलेली काळी माती, दोन्ही असतात. ओली काळी माती साबणासारखी घसरते, तिथे पुढचा ब्रेक हळू आणि गाडी सरळ.

रात्री जॅकेटची चमकपट्टी उपयोगी पडते, पण पाठीला सॅक असेल तर तीच झाकली जाते. सॅकवर वेगळी पट्टी शिवून घ्या. आठ धुण्यांनंतर या पट्टीची चमक निम्मी झाली आहे.

धुणं महिन्यातून एकदा पुरे, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी. घामाच्या मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसल्या की वेळ झाली. सगळे पॅड काढा आणि काढण्याआधी फोटो घ्या, कारण डावा-उजवा आणि वरची बाजू परत लावताना चुकते. सगळ्या चेन आणि वेल्क्रो बंद करा, नाहीतर वेल्क्रो जाळीचे धागे ओढतो. कोमट पाण्यात मऊ लिक्विड साबण घालून वीस मिनिटं भिजवा आणि हाताने दाबून धुवा. ब्रश नको, सॉफ्टनर नको, पिळायचं नाही. सावलीत वाळवा. पॅड ओल्या फडक्याने पुसा, उन्हात ठेवू नका. जानेवारीच्या पहाटे, आठ-नऊ अंशांत, हेच पॅड कडक लागतात. अंगाच्या उबेने दहा मिनिटांत मऊ पडतात, तो दोष नाही. पण अंगठ्याने दाबलेला खड्डा परत भरत नसेल किंवा चीर दिसली तर पॅड बदला. जोराचा मार बसल्यावर तर बदलाच.

बिघाड एकच झाला, सातव्या महिन्यात मुख्य चेन मधूनच उघडायला लागली. कारण धूळ, आणि गाडीवर बसून घाईत चेन लावणं. खालची पिन तळापर्यंत न बसता रनर, म्हणजे चेनचा सरकता तुकडा, ओढला की तो थोडा फाकतो. उभं राहून पिन बसवा, मगच ओढा. दातांवरून जुन्या टूथब्रशने धूळ काढून मेणबत्ती फिरवली की रनर हलका चालतो. फाकलेला रनर बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे पन्नास रुपयांत बदलून मिळाला, त्यासाठी जॅकेट कंपनीकडे पाठवायची गरज नव्हती.

खर्चाचा क्रम मात्र उलटा करू नका. 2025च्या ऑगस्टमध्ये इंदुरात हेल्मेटशिवाय पेट्रोल नाही असा आदेश लागू झाला, तेव्हा पंपापुरती टोपीसारखी हेल्मेटं खूप दिसली. बजेट दहा हजारांचं असेल तर आधी मापाचं, आयएसआय शिक्क्याचं फुल फेस हेल्मेट, मग पोटरी आणि गुडघ्याचे गार्ड व ग्लोव्हज, आणि उरलेल्या पैशांत जॅकेट, पुढच्या महिन्यात घेतलं तरी चालेल. मागे बसणारं माणूस रोजचंच असेल तर दुसरं जॅकेट त्याच्या मापाचं. आपलं ढगळ जुनं त्याला दिलं तर पॅड कोपरावर बसणार नाहीत.