धोबीतलावचे क्यानी आणि आमची 1975 ची अकरावी

महाराष्ट्रात शालान्त परीक्षेला 1975 साली दोन तुकड्या एकदम बसल्या: जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली. गिरगावातल्या मराठी शाळेतली आमची तुकडी जुन्या अकरावीची. पन्नास वर्षांनी एकमेकांचे पत्ते लागले, परंतु भेटायचे कुठे हे ठरवणे पत्ते शोधण्यापेक्षा अवघड निघाले. क्यानीच्या पदार्थांविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मी या उपाहारगृहाकडे सदुसष्टीला टेकलेल्या वर्गमित्रांची भेटण्याची जागा म्हणून पाहते आहे.

पहिली भेट उपनगरातल्या एका हॉटेलच्या सभागृहात झाली होती. तीन तासांचे भाडे, एक सलग लांबलचक टेबल आणि ध्वनिवर्धकावर जुनी गाणी, तीही इतक्या मोठ्याने की कानाचे यंत्र लावणाऱ्या दोघांनी ते काढून खिशात ठेवले. आवाज कमी करा म्हणून दोनदा सांगितले, तेव्हा संगीत पॅकेजमध्येच आहे, असे उत्तर मिळाले. जिच्यासाठी मी मुद्दाम गेले होते ती मैत्रीण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती आणि निघताना आम्ही फलकासमोर फोटो काढला, एवढीच आमची भेट.

दुसऱ्या वेळी आम्ही अकरा जण क्यानीत जमलो. 1904 पासून चालत आलेले हे इराणी उपाहारगृह मेट्रो सिनेमाच्या समोर, जेर महाल या जुन्या इमारतीत आहे. मरीन लाइन्स स्थानकावरून रमतगमत चालले तरी फार वेळ लागत नाही. चौकटीच्या कापडाची टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बिस्किटांच्या काचेच्या बरण्या हे सारे छायाचित्रांतून सर्वांनी पाहिलेले असते. आम्हाला खरा उपयोग झाला तो टेबलांच्या लहान आकाराचा. अकरा जणांना तीन टेबलांवर विभागून बसावे लागले आणि चहा संपला की कोणी ना कोणी उठून दुसऱ्या टेबलावर जाऊ लागले. त्यामुळे वर्गात जो सर्वांचे बोलणे तोडत असे, त्याला एका वेळी तीनच श्रोते मिळाले. (त्याची सवय गेलेली नाही.)

एक गोष्ट मला तिथे बसल्यावरच उमगली. आम्हा पाच बायकांपैकी एकीनेही शाळेच्या वयात इराण्याकडे पाऊल ठेवले नव्हते. घरी ब्रून पाव येई, पण तो आणायला भावाला पाठवत. इराण्याकडे चहा पीत बसणे हे मुलग्यांचे काम. वर्गातही मुलगे आणि मुली एकमेकांशी बोलत नसत, म्हणून समोरच्या टक्कल पडलेल्या गृहस्थांना ‘अहो’ म्हणावे की ‘अरे’, यावरच पहिली दहा मिनिटे गेली. बन मस्का चहात बुडवताना त्यांतल्या एकाने ‘अगं, लोणी सांडतंय’ म्हटले आणि तो प्रश्न मिटला.

खाण्याविषयी थोडक्यात सांगते. ब्रून मस्क्याचा पाव कडक असतो, कवळी असलेल्यांनी बन मागवावा हे बरे. खिमा पाव आमच्यातल्या दोघांनीच घेतला, पण उरलेल्यांपैकी चौघांनी त्यांच्या बशीतून घास उचलले, तेव्हा तो चांगला असावा. अकुरी, म्हणजे पारशी पद्धतीची अंडाभुर्जी, मऊ आणि बेताची तिखट होती. मावा केक मला सर्वांत आवडला. मात्र अशा केकात अंडे असते, हे काटेकोर शाकाहारी मंडळींना आधी सांगून ठेवावे. मधुमेह असलेल्यांनी चहा बिनसाखरेचा हवा हे मागवतानाच सांगावे, कारण इराणी चहा मुळातच गोड.

एवढ्या संख्येने जायचे असेल तर रविवारची सकाळ टाळावी. आम्ही आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास गेलो. त्या वेळी जेवणारे उठून गेलेले असतात आणि संध्याकाळच्या चहाचे लोक आलेले नसतात. भाषणे, सत्कार, शाल-श्रीफळ असा बेत असेल, तर मात्र सभागृहच घ्यावे. इथे उभे राहून बोलायला लागलात तर वाढप्याची वाट अडते. पैसे अकरा जणांत वाटून घेतले, आणि हिशेब अर्थातच तिने केला, जी वर्गात फळ्यावर गैरहजरांची नावे लिहीत असे.

तिने त्या दिवशीही एक गैरहजेरी मांडली. आमची एक मैत्रीण गुडघ्यांमुळे तिसऱ्या मजल्यावरून उतरू शकत नाही. तिच्यासाठी आम्ही सहा मावा केक बांधून घेतले आणि तिथून टॅक्सीने ठाकूरद्वारला तिच्या चाळीत गेलो. जिने चढून वर पोचलो ते चौघेच. बाकीचे खाली चौकात उभे राहून तिच्याशी गॅलरीतून बोलले.