शिक्का महापालिकेचाच होता, परवानगी नव्हती

मे उजाडला की पुण्यात सोसायट्यांच्या फाटकाशी झाडं छाटणारे घिरट्या घालू लागतात. बरेचसे सरळ असतात. आमच्याकडे आला तो मात्र ‘मी महापालिकेचाच ठेकेदार, परवानगीचं सगळं मी बघतो’ म्हणत आला. मागच्या भिंतीवर कललेला जुना आंबा आणि शेजारचं जांभूळ, दोन्हींच्या फांद्या कमी करायच्या होत्या. मजुरी वेगळी, ‘परवानगी फी’ वेगळी, आणि ती फी त्याच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर.

दुसऱ्याच दिवशी त्यानं सेक्रेटरींच्या हातात कागद ठेवला. सोसायटीच्या नावाचा अर्ज, त्यावर गोल शिक्का, तारीख, क्रमांक. शिक्का खरा होता, पण आवकचा! अर्ज पोचला, एवढाच त्याचा अर्थ. तो कुणाच्याही अर्जावर मारून मिळतो. शिवाय अर्जात लिहिलं होतं ‘फांद्यांची छाटणी’ आणि करवत चालली बुंध्यावर. दुपारपर्यंत आंब्याचं कमरेएवढं खोड उरलं. ‘पाला-लाकूड आम्हीच उचलतो, त्याचे पैसे नाही घेत’ हे औदार्य कशासाठी होतं ते टेम्पो भरताना दिसलं. आंब्याच्या लाकडाला खोकीवाल्यांचं गिऱ्हाईक कायम असतं. पैसेही आमचे, झाडही आमचं.

कुणीतरी तक्रार केली (बरंच केलं). उद्यान विभागाचे लोक आले, पंचनामा झाला, नोटीस निघाली ती सोसायटीच्या नावानं. ठेकेदाराचा फोन तेव्हापासून बंद.

राज्यात शहरी भागासाठी 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. झाड खाजगी आवारात असलं तरी तो लागू होतो, आणि ‘तोडणे’ यात झाड जाळणं किंवा त्याला कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. झाड काढायचा अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्यानं जागेवर येऊन पाहणी करायची, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची, झाडावर नोटीस लावायची. परवानगी मिळाल्यावरही 15 दिवस थांबावं लागतं. आज अर्ज, उद्या परवानगी, परवा करवत असं कायद्यात बसतच नाही. नुसत्या छाटणीलाही परवानगी लागते, आणि तिचा कागद वेगळा असतो.

तेव्हा कुणी असा कागद दाखवला, तर त्यावर परवानगी देणाऱ्याची सही आहे का, कोणतं झाड आणि किती छाटायचं ते लिहिलंय का, एवढं पाहा. मग त्यावरचा क्रमांक घेऊन क्षेत्रीय कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. ठेकेदारानं दिलेल्या ‘साहेबांच्या’ नंबरवर नको. फी महापालिकेत भरा, पावती सोसायटीच्या नावानं घ्या. आणि लाकूड कोण नेणार, हे करवत लागायच्या आधी लिहून घ्या.

आम्ही पोलिसांत अर्ज दिलाय, पैसे पाठवल्याची नोंद जोडलीय. जांभूळ वाचलं, कारण टेम्पोत जागा उरली नव्हती.